शाखा मंजूर

काल दुपारी आमच्या ब्यांकेच्या दारावर रंगारी चढला होता. जुनी पाटी उन्हानं खाऊन टाकली, म्हणून नवी लिहायची होती. त्यानं ब्यांकेचं नाव झोकात काढलं, त्याखाली गावाचं नाव काढलं, मग एक भलामोठा 'शा' काढला आणि शिडीवरूनच मला हाक मारली, "अजी काका, 'खा' मावून नाही राह्यला इथं. चहा घेऊन येतो, मंग पाहू."

गेला तो गेलाच. मी दारातल्या स्टुलावर बसून त्या एकट्या 'शा'कडे बघत राहिलो आणि मला काळजी लागली. साहेब जेवून परत येतील, पाटीकडे बघतील आणि 'हे काय?' म्हणून मलाच विचारतील. या ब्यांकेत जे जे अर्धवट राहतं ते मला विचारलं जातं. तक्रार नाही. चार यत्तांवर शाळा सोडलेल्या माणसाला कुणी काही विचारतं, गणवेश देतं, दिवाळीला नाव घेऊन हाक मारतं, याचे उपकार मी रोज सकाळी दार उघडताना आठवतो. आणि संध्याकाळी कुलूप लावलं की परत येऊन ओढून पाहतो, घरी गेल्यावर जेवताना मनातल्या मनात पुन्हा ओढून पाहतो. स्वभावच तसा.

साहेब आले, त्यांनी वर पाहिलंच नाही. मी मात्र दुपारभर वर पाहत होतो. तेलाच्या रंगाचा उग्र वास सुटला होता. वऱ्हाडातली ती भाजणारी दुपार, समोर कापसाच्या गाड्या, बैलांच्या घुंगरांचा कंटाळलेला आवाज. आणि माझ्या नाकात हळूहळू दुसराच वास भरत गेला. तोडलेल्या ऐनाच्या फांद्यांचा. ओल्या सालीचा तुरट, किंचित आंबूस वास. तो वास असलेला मुलूख इथून इतका लांब आहे की इथल्या लोकांना मी जव्हार म्हटलं की ते 'कोणता जवाहीर?' असं विचारतात.

आमचा पाडा जव्हारच्या पठाराखाली, साखरशेताच्या अंगाला. जव्हार म्हणजे राजाचं गाव. तिथे कचेरी, तिथे बाजार, तिथे माझी शाळा, आणि मी 'माना दे' म्हणालो की 'मला दे म्हण' असं ओरडणारे माझे पुणेरी मास्तर. डोंगर ओलांडला की खालसा, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. तिकडे पोशेऱ्याला माझे मामा राहत. मामांकडे कोंबडा आरवला तरी आमची ठकीआत्या म्हणायची, "ऐका, इंग्रजीत आरवतोय."

शाखा हा शब्द आमच्या पाड्यावर फार जुना. ब्यांक यायच्या आधीपासूनचा. तो आणला रानाच्या राख्यानं. राखा आमच्यासारखाच बोलायचा, पण रानात शिरला की त्याच्या तोंडात वरून आलेले शब्द यायचे. "शाखा तोडू नये! शाखा तोडशील तर दंड होईल!" हे तो इतक्या मोठ्यानं ओरडायचा की समोरच्या डोंगरानंही ते पाठ केलं होतं. आम्ही फांदीला फांदी म्हणायचो, डहाळीला डहाळी म्हणायचो. पकडली गेली की तिची शाखा व्हायची.

आणि फांदीवाचून तर आमचं चालत नसे. भाताचं रोप टाकायच्या जागी आधी राब भाजावा लागतो. थंडीत झाडावर चढून फांद्या उतरवायच्या, शेंडा तेवढा राखायचा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. शेंडा राखलेली ती झाडं दुरून शेंडी ठेवलेल्या भटजींसारखी दिसत. फांद्या वाळल्या की उन्हाळ्यात वाफ्यावर आधी शेणाचा थर, त्यावर फांद्या, त्यावर पाला, आणि सगळ्यावर मातीचं पांघरूण. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव लावायचा, म्हणजे तो धावत नाही, धुमसत धुमसत चालत जातो. राब नीट भाजला तर रोप काळंभोर हिरवं येतं. राब नसला तर पिवळं, खुरटं, आजारी पोरासारखं. नागलीचंही, म्हणजे नाचणीचंही, तसंच. आमचं वर्षाचं पोट त्या धुरातून यायचं.

त्या साली रान बंद झालं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. राखा येऊन सांगून गेला, "यंदा एकबी शाखा नाय." पाड्यावर चुली पेटत होत्या, पोरं खेळत होती, पण म्हातारी माणसं ओट्यावर बसून वाफ्याकडे असं बघत होती, जसं रिकाम्या पाळण्याकडे बघावं.

माझा बा पाड्याचा कारभारी. कारभारीपण म्हणजे काय, तर पाड्याचं काही बिनसलं की जव्हारला जाऊन कचेरीच्या व्हरांड्यात उकिडवं बसायचं. बा पौषात जाऊन बसला. कुणी बोलावलं नाही तरी बसला. शेवटी एका कारकुनाला त्याची अडचण व्हायला लागली असावी.

"कुठला रे तू?"

बानं साखरशेताकडचा पाडा सांगितला.

"अरे, मग बसलायस कशाला? तुमच्याकडे शाखा मंजूर झाली आहे."

बा म्हणे उठून उभाच राहिला. "शाखा? आमाला?"

"हो. वरून ठरलंय. नशीबवान आहात, पुष्कळ गावं मागतायत."

"मंग कवाधरनं, साहेब?"

"आता कधीही. जागा साफ करा, तयारीला लागा."

बा जव्हारहून पाड्यापर्यंत पळत आला असं आत्या सांगायची. मी पाहिला तेव्हा तो पळत नव्हता, पण पागोटं हातात होतं.

संध्याकाळी आमच्या अंगणात सगळा पाडा जमला. सगळे हसत होते, एकट्या ठकीआत्याला सोडून. बाची ही थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती परत आमच्याकडे आली होती आणि येताना संशय तेवढा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अरं, वरच्या लोकांच्या शब्दाला दोन तोंडं असत्यात. शाखा म्हंजे नक्की काय, ते इचारलंस का?"

"त्यात काय इचारायचं? राखा रोज बोंबलतो ते काय मग?"

"तरीबी. आपल्या मास्तरला इचारा."

मास्तर म्हणजे मी. नुकताच शाळा सोडून आलो होतो, तेव्हा मला सगळे मास्तर म्हणत, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. मी उठलो, हात बांधले, आणि शाळेत म्हणायचो तसं एका दमात म्हणालो, "शाखा म्हणजे वृक्षाची फांदी."

अजूनही ते उत्तर चुकलं असं मला वाटत नाही. पुस्तकात तेच होतं.

मग जे दिवस आले त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटेच्या धुक्यात कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माणसं रानात शिरायची आणि थोड्या वेळानं सगळं रान खटखटायला लागायचं, जणू शेकडो सुतारपक्षी एकदम कामाला लागलेत. फांदी सुटली की आधी कडाड, मग पानांचा लांब उसासा, मग खाली बायकांचा आरडाओरडा, "अरं, बघून टाक की! खाली माणसं हायत का म्हशी?" वरून कुणीतरी म्हणायचं, "धुक्यात फरक कळत नाय गं." बायका भारे डोक्यावर घेऊन उताराला लागायच्या तेव्हा माणूस दिसायचं नाही, झाडंच खाली चालत येतायत असं वाटायचं. अंगाला, भाकरीला, अंथरुणाला, सगळ्याला ऐनाचा वास. आम्ही राजरोस तोडत होतो, गात तोडत होतो. लपून तोडलेल्या फांदीचा आवाज वेगळा असतो, आवळलेला. त्या पौषात तो आवाज मोकळा होता.

डोंगरापलीकडून मामा आले. वाफ्यांना लागून, गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना आमच्या फांद्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. मामा त्यांच्यामधून चालले, हात लावून पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "दाजी, आमच्या इंग्रजाला सांगून बघता का? आमाला थोडी कमी मंजूर केली तरी चालंल."

राखा त्या दिवसांत कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. परत आला तो त्या भिंतींपुढे उभाच राहिला. बानं शांतपणे सांगितलं, "शाखा मंजूर हाय." हे 'मंजूर' राख्याला भारी पडलं. वरचा शब्द, त्याला हात कसा लावायचा? तो दरोग्याला विचारायला गेला. जंगलाचे दरोगासाहेब तेव्हा मुलखाच्या दुसऱ्या टोकाला फिरतीवर होते. राखा त्यांना शोधत फिरला आणि आमच्या फांद्या सुखानं वाळत राहिल्या.

माघात एक बैलगाडी आली. गाडीत एक लोखंडी तिजोरी, आणि तिजोरीवर छत्री उघडून बसलेला एक किडकिडीत माणूस. धोतर, काळा कोट, पायांत खेड्याच्या वाटेला न शोभणारे बूट. त्याला आम्ही पुढे भाऊ म्हणू लागलो. तो उतरला, बाला नमस्कार करून म्हणाला, "कारभारी आपणच ना? मी शाखेसाठी आलोय."

"या, या! बघाय आलात व्हय? चला." बानं त्याला थेट फांद्यांच्या भिंतीपाशी नेलं. "ही बघा शाखा. समदी ऐनाची. मधी मधी धावडा हाय."

भाऊ भला माणूस. त्याला वाटलं, या लोकांची पाहुण्याला काहीतरी दाखवायची रीत असेल. "वा," तो म्हणाला. "छान आहे. पण आपली शाखा उघडायची कुठे?"

"उघडायची नाय, भाऊ. झाकायची. खाली शेण, त्यावर शाखा, मग पाला, आन् वर माती."

"माती?"

"मंग पेटवायची."

"शाखा पेटवायची?"

"चैत्र सरता सरता."

भाऊ मागे सरत सरत गाडीपर्यंत गेला आणि चाकाला टेकला. "असं करू नका हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मोठ्या साहेबांनी फार विश्वासानं पाठवलंय मला. आपल्या ब्यांकेची पहिलीच शाखा आहे ही. मागं घरी माझी आई आजारी आहे."

"कुणाची शाखा?" आत्या मागून म्हणाली.

"ब्यांकेची."

"ब्यांक म्हंजे कसलं झाड?"

मग भाऊनं समजावलं. जव्हारला शेठजींनी आणि वकिलांनी मिळून एक पेढी काढली होती, तिला ब्यांक म्हणायचं. एका जागची ब्यांक सगळ्यांना पुरत नाही, म्हणून तिचा छोटा भाग दुसऱ्या गावी बसवायचा, त्या भागाला शाखा म्हणायचं. तो बोलत होता आणि एकेका माणसाचं तोंड उतरत होतं. कुणाची तरी शेळी भिंतीतली एक डहाळी ओढून खात होती आणि तिला हाकलायचंही कुणाला सुचत नव्हतं.

आत्या म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं? दोन तोंडं."

बानं पुढे होऊन शेळीला हाकललं. पण सगळ्यांना कळत होतं. दरोगासाहेब फिरतीवरून आले की या फांद्या गाड्यांत भरून जाणार. दंड होईल तो होईल, कारभारीपण जाईल ते जाईल; पण राब गेला तर रोप नाही, आणि रोप नाही तर पुढलं वर्ष कशावर काढायचं? मी चार यत्ता शिकलो नसतो तर आत्यानं मला विचारलं नसतं. बा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू खरं तेच सांगितलंस. शब्द खोटा निघाला, त्याला तू काय करशील?" एवढं बोलून तो भाऊची तिजोरी उतरवायला गेला. पाहुणा आला होता, त्याला घरात घ्यायलाच हवं होतं.

अशी आमच्या ओटीवर ब्यांकेची शाखा लागली. घराला भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणाचा लेप. एखाद्या म्हशीनं पाठ घासली तरी आरपार. आणि त्या घरात एक लोखंडी तिजोरी, चौघांनी उचलून ठेवलेली, किल्ली भाऊच्या जानव्याला. "चोर आला तर?" भाऊ विचारायचा. आत्या म्हणायची, "तिजोरी उचलंल कशाला? घरच उचलून न्हेईल. हलकं पडंल."

भाऊनं पाड्याला सांगितलं होतं, "तुमच्याकडे जे काही जपून ठेवण्यासारखं असेल ते इथे ठेवा. ब्यांक सांभाळेल." लोकांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी एकानं दुधी भोपळ्याचं बी आणून दिलं. एका म्हातारीनं मोडकी छत्री आणली, पावसापर्यंत सांभाळा म्हणाली. ठकीआत्यानं सगळ्यांवर कडी केली. तिनं कोंबडा आणला. कोल्हा टपलाय, म्हणाली, आणि तुमच्या त्या पेटीला कोल्ह्याचे दात लागायचे नाहीत. भाऊनं हात जोडले. "आत्याबाई, ब्यांकेत जिवंत ठेव घेत नाहीत."

"मग कापून आणू?"

ठेवीवर वाढ मिळते हे भाऊनं सांगून पाहिलं. पण ते पटवलं आमच्या कोंबडीनं. तिला तिजोरीमागची उबदार सांदी सापडली, तिथे ती अंड्यांवर बसली, आणि एके सकाळी ब्यांकेतून पिल्लांची रांग बाहेर आली. पाड्यावरची माणसं बघायला लोटली. "खरं बोलत होता की भाऊ," लोक म्हणाले, "वाढ हाय." त्या दिवसापासून भाऊची पत वाढली. संध्याकाळी आत्या त्याला नागलीची भाकरी करून वाढायची आणि तो पुण्यामुंबईच्या गोष्टी सांगायचा. आईची आठवण आली की तिजोरी फडक्यानं पुसत बसायचा. मी त्याच्याजवळ बसून त्याला एकच विचारायचो, "भाऊ, दरोगासाहेब कडक आहेत का हो?" तो म्हणायचा, "मी त्यांना पाहिलेलं नाही." आणि आम्ही दोघंही गाडीवाटेकडे बघायचो.

शाखा रीतसर उघडायला मोठे साहेब येणार होते. माघात येणार होते, त्यांना सर्दी झाली. मग घरी कार्य निघालं. मग बैल लंगडला. येणार येणार करता होळी आली आणि गेली. पळस पेटले, मोहाचा गोड वास रानभर सुटला, आणि आमच्या फांद्यांचा हिरवा रंग जाऊन त्या तांब्यासारख्या झाल्या. वारा आला की दोन्ही भिंती कागदासारख्या खळखळायच्या. मी झोपेतून दचकून उठायचो, वाटायचं गाड्या आल्या.

गाड्या आल्या त्या एका सकाळी, आणि दोन्ही बाजूंनी. एकीकडून राखा पुढे आणि मागे घोड्यावर दरोगासाहेब: भरघोस मिशा, हातात छडी, मागे रिकाम्या बैलगाड्या. त्यांनी फांद्यांच्या भिंती पाहिल्या आणि छडी हवेत तशीच राहिली. "कारभारी कोण?" असं ते गरजले तोच दुसरीकडून छकडा आला आणि त्यातून मोठे साहेब उतरले. गोल चेहरा, जरीचं पागोटं, सोनेरी चष्मा, गळ्यात रुमाल, आणि प्रवासानं भरून आलेलं अंतःकरण.

साहेब खाली उतरले आणि तिथेच थांबले. वाटेच्या दोन्ही अंगांना, थेट आमच्या ओटीपर्यंत, माणसाच्या उंचीच्या फांद्यांच्या रांगा. मग त्यांनी बाला विचारलं, "ही सगळी तयारी तुम्ही केलीत?"

"व्हय, साहेब."

"कशासाठी?"

बा खोटं बोलायचा नाही. तो म्हणाला, "शाखेसाठी, साहेब."

साहेबांनी पुढे होऊन एक फांदी हातात घेतली. वाळलेली पानं त्यांच्या बोटांत चुरली. "ही केव्हा तोडलीत?"

"पौषात."

"पौषात!" साहेब भाऊकडे वळले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, सर्दीचा म्हणावं तर ती कधीच गेली होती. "अहो, मी माघात यायचा होतो. या बिचाऱ्यांनी त्याच्याही आधी वाट सजवून ठेवली. मी येईना, मी येईना, आणि यांची पानं सुकली, तरी यांनी एक फांदी काढली नाही!" त्यांनी चष्मा काढून पुसला.

भाऊनं खाली मान घातली. मी बाचं धोतर मागून घट्ट धरलं होतं. एवढा वाढलेला असून.

दरोगासाहेब पुढे आले. "साहेब, यात जरा निराळा प्रकार..."

"आपण?"

"मी जंगलचा दरोगा."

"आपण!" साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, छडीसकट. "आपल्या रानातून आपण इतक्या उदारपणे या शाखा दिल्यात? ब्यांकेच्या शाखेसाठी शाखा! केवढी रसिकता! जव्हारला गेल्यावर मी हे वरपर्यंत सांगणार आहे."

दरोगासाहेबांनी तोंड उघडलं. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, साहेबांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या बैलगाड्यांकडे पाहिलं. 'वरपर्यंत' हा शब्द हवेत तरंगत होता. ठकीआत्या कधी पुढे झाली कळलं नाही. साहेबांसाठी पळसाच्या फुलांचा हार करून ठेवला होता, तो तिनं दरोगासाहेबांच्या गळ्यात घातला आणि मोठ्यानं म्हणाली, "लई उपकार झाले, बाबा!" साऱ्या पाड्यानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशा वाजवायच्या हे भाऊनं आदल्या आठवड्यात शिकवून ठेवलं होतं.

मिशीला पळसाच्या पाकळ्या लागलेले दरोगासाहेब म्हणाले, "कर्तव्यच होतं ते."

मग भाषण झालं, त्यात 'शाखोपशाखा' हा शब्द पुन्हा पुन्हा आला आणि दर खेपेला दरोगासाहेबांच्या गालावरची शीर उडत होती. गूळ वाटला. निघताना ते घोड्याचा लगाम हातात घेऊन बाजवळ आले आणि फक्त बाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यंदा गेलं. पुढच्या साली शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचा."

बानं हात जोडले. "पुढच्या साली दुसरा शब्द पाठवा, साहेब."

मी जवळ होतो म्हणून सांगतो, मिशा हलल्या. हसले असावेत.

राब भाजला तो दिवस शांत, बिनवाऱ्याचा होता. साऱ्या उतारावर धुराची पातळ घोंगडी पसरली. जळणाऱ्या ऐनाचा धूर डोळ्यांना झोंबतो, पण नाकाला बरा वाटतो; त्यात शेणाची ऊब असते, भाजलेल्या मातीचा वास असतो. बायका डोळे पुसत हसत होत्या. भाऊही बूट काढून बांधावर उभा होता. काळं पडत जाणाऱ्या वाफ्याकडे बघून तो म्हणाला, "साहेबांनी विचारलं, सजावटीचं काय केलंत, तर काय सांगू?" आत्या म्हणाली, "सांग, ठेव ठेवली."

ब्यांकेची ती शाखा फार टिकली नाही. का, ते मला माहीत नाही; तेव्हा मी तिथे नव्हतो. तिजोरी गेली, भाऊ आईकडे गेला, आणि नंतर कधीतरी दुसरी कुठली तरी शाखा मोखाड्याच्या रस्त्याला लागली, तीही गेली, असं मामाच्या मुलाकडून कळलं. तो मधे एकदा कामाच्या शोधात इकडे आला होता. मी त्याला विचारलं, आता पाड्यावर शाखा म्हटलं की लोकांना काय कळतं? तो म्हणाला, "आधी कोयती शोधत्यात."

मोठ्या साहेबांनी त्या दिवशी मला पाहिलं होतं. लिहितावाचता येतं कळल्यावर ते म्हणाले, पाऊस लागला की माझ्याकडे ये, शिपाई लागतो आहे. तेव्हापासून मी शाखांची दारं उघडतोय. एक शाखा मिटली की दुसरी, एका गावातून पुढच्या गावात, असा सरकत सरकत इथवर आलो. ज्यांनी हाताला धरून आणलं ते साहेब आता नाहीत. रंगारी संध्याकाळी आला, 'शा' पुसून लहान केला, 'खा' बसवला, आणि म्हणाला, "झालं न जी काका, कायले जीव खाऊन राह्यला?"

मी पाड्यावरून निघालो ती आवणीची, भातलावणीची, धामधूम होती. रोप असं माजलं होतं की पोशेऱ्याची माणसं बघायला येत. आभाळ खाली आलेलं, चिखलाचा थंड वास, बायकांची गाणी पावसात भिजून जड झालेली. बा गुडघाभर चिखलात वाकून रोप उपटत होता. मी बांधावर उभा राहिलो, बोचकं काखेत, डोक्यावर नवी टोपी. मला वाटलं तो वर येईल, पाठीवरून हात फिरवील. तो सरळ झाला, पण हात मोकळा नव्हता. त्यानं हातातली रोपांची मूठच वर करून हलवली, तिच्या मुळांचा चिखल त्याच्याच तोंडावर उडाला.

"जा, जा!" तो ओरडला. "रडत उभा राहू नको. आमाला सवड नाय. बघतोस ना केवढं रोप हाय!"